पोपट घ्यायचाय, पण कुणाकडून?

नांदुरकी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

लेक सहावीत आहे. दोन वर्षं पोपटासाठी भुणभुण चालली आहे. कुत्र्याला सासूबाईंचा विरोध, मांजराला माझा. शेवटी 'परीक्षा झाली की आणू' असं कबूल करून बसले. आम्ही धायरीत राहतो, दोघंही नोकरी करतो, सासूबाई दिवसभर घरी असतात.

खालच्या मजल्यावरच्या काकांच्या ओळखीचा एक माणूस मार्चअखेर 'पहाडी'चं पिल्लू आणून देतो म्हणतो. तीन हजार. लहानपणापासून वाढवलं की माणसासारखं बोलतं म्हणे. दुसरीकडे एका जाहिरातीत कॉन्युर नावाचा छोटा पोपट साडेतीन हजारांना आहे, तोच दुकानात साडेसहा-सात सांगतात. एवढा फरक कसा? आणि स्वतःला ब्रीडर म्हणवणारा माणूस खरोखर पक्षी वाढवतो की नुसता इकडून घेऊन तिकडे विकतो, हे ओळखायचं कसं? वांगी निवडता येतात मला, पोपट नाही.

भिकबाळी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५८

आमच्या मामांचा राघू मामींनी हाक मारली की हुबेहूब मामांच्या आवाजात 'आलो गं' म्हणायचा. मामा तेव्हा कोपऱ्यावर पान खात असायचे. मामांनी त्याला जन्मभर पेरू खाऊ घातला. विचार करून घ्या.

रानवाट | ९ फेब्रुवारी, रात्री ११:३०

पहाडीला हात लावू नका. कृपा करून.

पहाडी म्हणजे खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पोपट, अलेक्झांड्राइन. तो, आपला नेहमीचा राघू, लाल-जांभळ्या डोक्याचा छोटा पोपट, हे सगळे आपल्या रानातले पक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं गुन्हा आहे. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासूनच बंद आहे. २०२२ च्या दुरुस्तीत या कायद्यातल्या सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड २५ हजारांवरून १ लाखावर गेला, तुरुंगवास वेगळा. देशी पोपटाचा कायदेशीर ब्रीडर नसतोच, त्यामुळे 'विश्वासू' कोण हा प्रश्नच येत नाही.

'मार्चअखेर' वाचलं तेव्हाच कळलं. जानेवारी ते एप्रिल हा यांचा विणीचा काळ. ढोलीत हात घालून पिल्लं काढतात, हात जात नसेल तर ढोली फोडतात. फोडलेली ढोली पुढच्या वर्षी कुठल्याच पक्ष्याच्या उपयोगाची राहत नाही. पिल्लं कापडी पिशवीतून किंवा खोक्यातून शहरात येतात. त्यातली किती जिवंत पोचतात ते तुमच्या काकांच्या माणसाला विचारा, सांगणार नाही.

शिवाजी_पार्क | १० फेब्रुवारी, सकाळी ८:०५

दरवेळी हा कायदा काढायचा आणि लोकांना घाबरवायचं. आमच्या आजोबांकडे राघू बावीस वर्षं होता. ताटातला भात खायचा, रामरक्षा ऐकायचा. आजोबा गेले तेव्हा त्याने तीन दिवस अन्न सोडलं. याला क्रूरता म्हणता?

रानवाट | १० फेब्रुवारी, सकाळी ८:४०

आजोबांना कुणी काही म्हणत नाहीये. माझ्याही आजोळी होता. पण तो 'होता' त्याआधी त्याच्या ढोलीत आणखी दोन-तीन भावंडं होती, ती आजोबांपर्यंत पोचली नाहीत. ती आठवणीत नाहीत कारण ती कुणी पाहिलीच नाहीत.

शिवाजी_पार्क | १० फेब्रुवारी, सकाळी ८:५२

बरं. पुढे बोला.

नांदुरकी | १० फेब्रुवारी, दुपारी १:१५

बापरे. मला वाटायचं दुकानात उघड टांगलेले असतात म्हणजे चालत असेल. पहाडी रद्द. काकांना सांगितलं, ते म्हणाले 'तुम्ही शहरातले लोक फार वाचता'.

मग कॉन्युर? तो साडेतीन हजारवाला 'चार आठवड्यांचं आहे, हाताने भरवा, तुमचा इतका लळा लागेल की खांद्यावरून उतरणार नाही' म्हणतो. भरवायचं कसं त्याचा व्हिडिओ पाठवणार आहे. आणि यांना कॉकटेलबद्दल विचारलं तर ते भलतेच खूश झाले, मग कळलं की तोही पक्षी आहे.

राळे_बाजरी | १० फेब्रुवारी, रात्री ९:२०

मी सांगलीजवळ राहतो, बँकेत नोकरी, गच्चीवर पक्षी. कॉकटेलच्या बारा जोड्या, ग्रीनचीक कॉन्युरच्या सहा. अकरा वर्षं झाली. धंदा म्हणावा इतकं मिळत नाही, छंद म्हणावा इतकं स्वस्त नाही. तेव्हा विकणाऱ्याच्या बाजूचं सांगतो.

त्या साडेतीन आणि सातमधला फरक म्हणजे सहा आठवड्यांची मेहनत. चार आठवड्यांचं ग्रीनचीक म्हणजे अंगावर सुयांसारखी अर्धवट पिसं असलेला गोळा. त्याला दिवसातून चार-पाच वेळा पातळ खिमट भरवावं लागतं, आणि त्याचं तापमान लागतं ४० ते ४१ अंश. दोन-तीन अंश जास्त झालं तर गळ्याखालची पिशवी, ज्याला आम्ही क्रॉप म्हणतो, ती आतून भाजते. ते लगेच दिसत नाही. चार-पाच दिवसांनी कातडीला भोक पडतं आणि भरवलेलं बाहेर गळतं. गार झालं तर क्रॉप रिकामी होत नाही, आतलं आंबतं. सिरिंज चुकीच्या बाजूने गेली तर खिमट फुप्फुसात. बोट घालून 'कोमट आहे' ठरवणारी माणसं मी पाहिली आहेत. थर्मामीटरशिवाय मी आजही भरवत नाही. माणसांच्या बाळांचं गोड खिमट पोपटाला भरवायला सांगणारा भेटला तर तिथूनच परत फिरा.

हे सगळं करायचं टाळून, पिल्लू मेलं तर तुमच्या घरी मरेल अशी सोय करून जो विकतो, त्याला स्वस्त परवडतं. 'भरवलं की लळा लागतो' ही त्या विक्रीची जाहिरात आहे. लळा लागतो तो पिल्लू स्वतः खायला लागल्यानंतर रोज त्याच्याशी कोण किती वेळ बोलतं, कुणाच्या हातून दाणा घेतं यावर. माझी पिल्लं स्वतः खाऊन, वजन टिकवून दोन आठवडे झाल्याशिवाय बाहेर जात नाहीत. बाजारात याला 'सेल्फ' म्हणतात. विचारा, 'सेल्फ आहे का?' हो म्हणाला तर तुमच्यासमोर खाऊ दे म्हणा. ग्रीनचीक साधारण ८ ते १० आठवड्यांत, कॉकटेलही तेवढ्यात. ग्रे पॅरटला तीन-चार महिने लागतात, मकावला त्याहून जास्त.

आता मी गिऱ्हाइकाला काय विचारतो ते सांगतो. कारण तुमचा ब्रीडर तुम्हाला काहीच विचारत नसेल तर त्याला पक्षी कुठे चाललाय याची पर्वा नाही. घरात नॉनस्टिकचा तवा आहे का? तापलेल्या टेफ्लॉनच्या धुराने पोपट मिनिटांत मरतो. पंखा चालू असताना सोडणार का? दिवसभर घरी कोण? गावी गेल्यावर कोण? घरात आणखी पक्षी आहेत का? तुमचं वय किती? हे ऐकून एक गृहस्थ रागावले होते. साठीच्या माणसाने ग्रे घेतला तर तो पक्षी त्यांच्या नातवाकडे जाणार, ग्रे ४०-५० वर्षं सहज जगतो. ग्रीनचीक वीस-पंचवीस, कॉकटेल पंधरा-वीस. तुमचा लेक सहावीत आहे ना? कॉन्युर आणलात तर त्याच्या लग्नात तो पक्षी असेल.

अजून बरंच आहे पण उद्या सकाळी साडेपाचला भरवायचं आहे.

भिकबाळी | १० फेब्रुवारी, रात्री ९:५०

लग्नात 'आलो गं' म्हणायला.

कडुलिंब | १० फेब्रुवारी, रात्री ११:१०

राळे_बाजरी, हे दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर.

आम्ही नाशिकला एका दुकानातून सन कॉन्युर घेतला. पिवळाधमक, केशरी, जाहिरातीतला असावा तसा. सात आठवड्यांचा सांगितला. घरी आधीच दोन बजरिगर होते (ज्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात ते). नवीन पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचा असतो हे कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही शेजारीच पिंजरा टांगला. तीन आठवड्यांत सनची नवी पिसं वेडीवाकडी यायला लागली, मुळाशी रक्ताळलेली, चिमटल्यासारखी. दुकानदार म्हणाला 'कॅल्शियम कमी आहे, समुद्रफेस टांगा'. टांगला. मग म्हणाला पिसं झडतायत. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी पीस आणि रक्त तपासणीला पाठवलं. पीबीएफडी. चोच आणि पिसांचा विषाणू, त्यावर औषध नाही. सन गेला, चार महिन्यांनी एक बजरिगर गेला. दुसऱ्याची टेस्ट करायचं धाडस झालं नाही.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, 'आमच्याकडून गेला तेव्हा खेळत होता.' ते खरंही होतं. पोपट आजार लपवतात. रानात आजारी दिसणारा पहिला उचलला जातो, म्हणून शेवटपर्यंत ठीक असल्याचं नाटक करतात. लेकीला अजून वाटतं की तिने अंघोळ घातली म्हणून गेला.

राळे_बाजरी | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

वाईट वाटलं. लेकीला सांगा, अंघोळीचा काही संबंध नाही. तो विषाणू आईबापांकडून किंवा तिथल्या दुसऱ्या पक्ष्याकडून आलेला असणार. पिसांच्या भुशातून, विष्ठेतून, भरवण्यातून पसरतो.

म्हणून जोडीची टेस्ट विचारायची. पिल्लाची नंतर. माझ्या प्रत्येक जोडीचा पीबीएफडी आणि पॉलिओमा या दोन्ही विषाणूंचा अहवाल आहे. नवीन पक्षी आणला की पंचेचाळीस दिवस खालच्या मजल्यावर, वेगळी भांडी, आणि त्याला दाणापाणी सगळ्यात शेवटी. लक्षणं नसलेला पक्षी पॉझिटिव्ह आला तर ९० दिवसांनी पुन्हा तपासायचा, काही जण विषाणू बाहेर टाकून निगेटिव्ह होतात. ज्या दुकानात दहा ठिकाणचे पक्षी एका भिंतीला टांगलेले असतात तिथे अहवालाला अर्थ उरत नाही, शेजारच्या पिंजऱ्यात काय आहे कुणास ठाऊक.

अंगठीबद्दल नांदुरकींनी विचारलं नाही पण विचारायला हवं. पायातली जोड नसलेली बंद कडी पिल्लू दहा-चौदा दिवसांचं असतानाच चढते. बोटं एकत्र धरून सरकवावी लागते, पुढे बोटं मोठी झाली की शक्य नाही. म्हणजे बंद कडी असेल तर तो पक्षी त्या वयात माणसाच्या हातात होता, एवढं नक्की. त्यावर ब्रीडरची अक्षरं आणि वर्ष असतं. मधे फट असलेली कडी कधीही, कुणालाही घालता येते. तिचा पुरावा म्हणून उपयोग नाही. कडी नाही म्हणजे ब्रीडर खोटा असं मात्र नाही, काही चांगले लोक पाय अडकून मोडतो म्हणून घालत नाहीत.

नर-मादी हवी असेल तर डीएनए. कॉन्युरमध्ये वरून काही कळत नाही. 'डोकं चपटं आहे, नर आहे' म्हणणाऱ्याला नमस्कार करायचा. उपटलेल्या पिसावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून होतं, खाली गळून पडलेलं पीस चालत नाही.

गोवेंकार | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

मडगावहून. माझा वेगळाच अनुभव. फेसबुकवर ब्लू अँड गोल्ड मकाव, पंचवीस हजार. तेवढ्यात मकाव येत नाही हे तेव्हाच कळायला हवं होतं, पण लोभ. फोटोत बाईच्या हातावर पक्षी, मागे हिरवंगार घर. व्हिडिओ कॉल करा म्हटलं तर 'नेटवर्क नाही'. पाच हजार आगाऊ दिले. मग पिंजऱ्याचे चार हजार, 'परत मिळतील'. मग विमानाच्या विम्याचे सात. मग 'पक्षी दिल्लीला अडकलाय, कागद हवेत'. सोळा हजारांवर बायकोने फोन काढून घेतला. नंतर तोच फोटो केरळच्या, आसामच्या आणि दोन परदेशी जाहिरातींत सापडला.

एकाने मला पोपटाची 'फलित अंडी' कुरिअरने पाठवतो असंही सांगितलं होतं. एवढा मूर्ख मी नव्हतो, पण वाचून पाहिली ती जाहिरात.

भिकबाळी | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

वहिनींना दंडवत.

सॅन_होजेची_सई | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

इकडचं थोडं. आम्ही क्वेकर पोपट घ्यायचा ठरवला होता, टेक्ससमधल्या मित्राकडे आहे, फार गोड. मग कळलं की कॅलिफोर्नियात क्वेकर पाळायला बंदी आहे. पिकांची नासाडी करणारा, मोकळा सुटला तर वस्ती करणारा म्हणून. त्याच देशात एका राज्यात दुकानात मिळतो, दुसऱ्यात ठेवला तर जप्त. इथला ब्रीडर आम्ही पत्ता सांगितल्याबरोबर 'नाही विकणार' म्हणाला. तो एकच वाक्य बोलला, पण मग कॉकटेल त्याच्याकडूनच घेतला.

नांदुरकी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:००

रानवाट, परदेशी पोपटांना कायदा नाही ना मग? दुकानदार म्हणतो 'एक्झॉटिकला काही कागद लागत नाही'.

रानवाट | ११ फेब्रुवारी, रात्री १०:४५

लागतात. जवळपास सगळे पोपट साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत आहेत. बजरिगर, कॉकटेल, आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड वगळलेले आहेत (राघूही त्या यादीत नाही, पण तो आपल्या कायद्यात आहेच). म्हणजे तुम्ही कॉकटेल घेतला तर नोंदणी नाही. ग्रीनचीक, सन वगैरे दुसऱ्या यादीत येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. हातात आला, जन्मला, दुसऱ्याला दिला, मेला, सगळं कळवायचं. २०२० मध्ये स्वेच्छेने माहिती द्यायची एक योजना आली होती, त्या वेळचा कागद काही विक्रेते अजून दाखवतात. त्यावर पक्ष्याची जात, संख्या आणि नाव नीट वाचा. विकणाऱ्याच्या नावावर नोंद असेल तर हस्तांतर तुमच्या नावावर करून देईल का, हे पैसे देण्याआधी विचारायचं.

ग्रे पॅरट पहिल्या यादीत गेला, २०१६ च्या जोहान्सबर्गच्या बैठकीत ठरलं. अशा जातींची पैदास करणाऱ्याला मुख्य वन्यजीव रक्षकांकडून परवाना लागतो. परवाना दाखवला नाही तर ग्रे घेऊ नका, पक्षी कितीही गोड बोलत असला तरी.

दुकानालाही २०१८ च्या पेट शॉप नियमांखाली राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं असायला हवं. गणपतीच्या फोटोशेजारी बघा.

नांदुरकी | २३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

आज दोन ठिकाणी जाऊन आले. लेकाला मुद्दाम नेलं नाही, तो पाहताक्षणी विरघळला असता.

पहिला साडेतीन हजारवाला. पत्ता तीनदा बदलला. शेवटी पेट्रोल पंपाबाहेर भेटू म्हणाला. मी म्हटलं, घरी येते, आईबाप बघायचेत. 'आईबाप फार्मवर आहेत.' फार्म कुठे? 'लांब आहे ताई.' त्याच्याकडे बुटांच्या खोक्यात भुसा घालून तीन पिल्लं होती. डोळे अर्धवट मिटलेले. एकाची शेपटी श्वासाबरोबर खालीवर होत होती, ते मी नंतर वाचलं की चांगलं लक्षण नाही. 'मॅडम, आज तीन हजारात घ्या, उद्या संपतील.' घेतलं नाही. पण खरं सांगू, उचलून आणावंसं वाटलं होतं. त्या खोक्यातून बाहेर काढावंसं.

कडुलिंब | २३ फेब्रुवारी, रात्री ९:४८

तेच वाटतं. आणि तुम्ही वाचवलेल्याच्या जागी तो उद्या दुसरं आणतो. तुम्ही नाही घेतलंत, बरं केलंत. त्रास झालाच असेल.

नांदुरकी | २३ फेब्रुवारी, रात्री १०:२०

दुसरी एक बाई, भोरच्या रस्त्याला. राळे_बाजरींनी सांगितलेले सगळे प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेले होते. काढायची वेळच आली नाही, तिनेच उलट मला विचारायला सुरुवात केली. तवा, पंखा, सासूबाई, दिवाळीत कुठे जाता. मी हॉलमधल्या धुपाचंही सांगितलं, ती म्हणाली पिंजरा त्या खोलीत नको.

आत जाण्याआधी चपला बदलायला लावल्या आणि हात धुवायला लावले. 'आधी दुसऱ्या कुणाकडे जाऊन आलात का?' मी हो म्हटलं. तेव्हा तिने मला आत घेतलंच नाही! जाळीतून, अंगणातून दाखवलं. आधी राग आला, दीड तास गाडी चालवून आले होते. मग त्या खोक्यातली पिल्लं आठवली.

जोड्या दिसल्या. पिंजऱ्याखालचा कागद त्याच दिवशीचा, तारखेसकट वर्तमानपत्र. खाण्यात राळे आणि बाजरी होती, सूर्यफूल नावाला. गाजर, पालक, मोड आलेले मूग. एक जोडी रिकामी ठेवली होती, अंडी घालायचा मटका काढून घेतलेला. म्हणाली, वर्षातून दोनदाच, नंतर मादीला आराम. वही दाखवली. रोज सकाळचं वजन, ग्रॅममध्ये, पिल्लागणिक. एका ओळीत लाल शाईने 'गेलं' असं लिहिलेलं. कशाने गेलं विचारलं तर म्हणाली, रात्री वीज गेली, ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी पेटी) गार पडला, माझी चूक.

सात हजार. पिल्लं एप्रिलच्या मध्यात. आगाऊ हजार, आणि पक्षी आवडला नाही किंवा मध्येच काही झालं तर परत. उलट मला सांगितलं, लेकाला घेऊन दोनदा या, तो ओरडण्याला घाबरला तर नाही देणार.

शिवाजी_पार्क | २४ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

सात हजार देऊन वर परीक्षा द्यायची. शाळाप्रवेश झाला हा.

राळे_बाजरी | २४ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

तुम्हाला आत घेतलं नाही हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. बरोबर केलं तिने. मीही करायला हवं, लाजेकाजे करत नाही. लाल शाई तर माझ्याही वहीत आहे.

घेताना एवढं बघा. छातीचं मधलं हाड बोटाला सुरीसारखं लागता कामा नये, दोन्ही बाजूंना मांस हवं. नाकपुड्या कोरड्या. शेपटीखालची पिसं स्वच्छ. विष्ठेत तीन भाग दिसायला हवेत, हिरवं, पांढरं आणि पाणी. ती देते तेच खाणं किमान पंधरा दिवस चालू ठेवा, मग हळूहळू बदला. आणि आठवड्याच्या आत पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर भरपूर आहेत, पक्षी नीट कळणारे थोडे. पक्षी येण्याआधी डॉक्टर शोधून ठेवा.

पाणथळ | २४ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

एवढं सगळं वाचलं. कुणी विचारणार आहे का, की पिंजऱ्यात ठेवायचाच कशाला? दक्षिण अमेरिकेतला पक्षी भोरच्या रस्त्यावर जन्मतो आणि धायरीत मरतो. ब्रीडर कितीही हात धुवो.

राळे_बाजरी | २४ फेब्रुवारी, रात्री ९:०५

विचारा की. मी स्वतःला विचारतो. माझ्याकडची आता सातवी-आठवी पिढी आहे, त्यांना कुठलं रान माहीत नाही आणि इथे सोडलं तर आठवडा काढणार नाहीत. ते उत्तर होत नाही, मला ठाऊक आहे. दोन जोड्या कमी केल्या गेल्या वर्षी.

नांदुरकी | ४ मे, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. १९ एप्रिलला आला. नऊ आठवड्यांचा, स्वतः खाणारा, बंद कडीवाला. नाव मूग. लेकाने ठेवलं, पहिल्या दिवशी त्याने तेच खाल्लं म्हणून. डॉक्टर झाले, विष्ठा तपासली, ठीक आहे. टेस्टचा अहवाल तिने दिला होता. परिवेशवर अर्ज भरलाय, तिच्याकडून हस्तांतराचा कागद घेऊन. फोटो अपलोड होईना म्हणून दोन संध्याकाळी गेल्या.

नॉनस्टिकचे दोन तवे वॉचमनच्या बायकोला देऊन टाकले, तिच्या घरी पक्षी नाही हे विचारून. आता बिडाचा. सासूबाई म्हणतात, धिरडी पूर्वीसारखी होतात.

रोज सकाळी साडेसहाला लेक स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतो आणि कॅलेंडरवर लिहितो. आज ६६ ग्रॅम. बाईंचा फोन दर रविवारी येतो, माझी चौकशी करत नाहीत, 'किती?' एवढंच विचारतात.

भिकबाळी | ४ मे, रात्री १०:३२

बोलतो का?

नांदुरकी | ४ मे, रात्री १०:५०

नाही. ग्रीनचीक फारसे बोलत नाहीत असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. चावतो मात्र मनापासून.

एक राहिलं. काकांच्या माणसाने पहाडी आणलाच. आमच्यासाठी नाही, सी विंगमधल्या चौथ्या मजल्यावर. गोल पिंजरा, बाल्कनीत, दुपारच्या उन्हात. त्यांची धाकटी मुलगी लेकाच्या वर्गात आहे. दुपारभर 'विठू विठू' शिकवत असतात, आणि तो ओरडला की इकडे मूग गप्प होतो, मान वाकडी करून ऐकत बसतो. लेकाने विचारलं, आई, तो पण नऊ आठवड्यांचा आहे का?

रानवाट | ४ मे, रात्री ११:०५

वनविभागाचा फोन १९२६. नाव सांगायचं नसेल तर तसं सांगा.

नांदुरकी | ४ मे, रात्री ११:४०

नंबर दुपारीच काढून ठेवलाय. दर बुधवारी ती मुलगी आमच्याकडे गणित करायला येते.